घर पाहावं दुपारी दोनला

"घर पाहाचं असन तर मे महिन्यात पाहा, दुपारी दोन वाजता पाहा, अन् जेवून जा," असं गजभियेबाबू म्हणायचे. मे महिना आणि दुपार समजण्यासारखी होती. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोनला जी खोली राहण्यासारखी वाटते, ती बाराही महिने वाटते. पण जेवून कशाला? "उपाशी माणूस लवकर हो म्हणते जी. त्याले घरी जाची घाई राहते."

माझ्या मुलानं परवा पुण्यात घर भाड्यानं घेतलं, तेही फोटो पाहून. मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिलास का? यावर तो हसला असता आणि मी चिडलो असतो. तेव्हा झालं ते बरंच झालं. पण त्या दिवसापासून गजभियेबाबू सारखे डोळ्यांपुढे येऊन राहिले आहेत. पांढरा सदरा, काखेत काळी छत्री, खिशात एक कंचा, म्हणजे काचेची गोटी.

तुळशीराम गजभिये आमच्या कचेरीत जावक शाखेत होते. बाहेर जाणारं प्रत्येक सरकारी पत्र त्यांच्या हातून जायचं. मी काटोलहून येऊन तिथे चिकटलो तेव्हा साठीचं दशक संपत आलं होतं आणि ते चाळिशीला टेकले होते. छप्पन्न साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी पांढरं घातलं, ते पुढे कधी सुटलं नाही. शाईचं काम करूनही त्यांच्या बाहीवर डाग दिसत नसे. आम्ही दोन महिन्यांत सदरे निळे करून ठेवायचो.

कचेरीत कुणालाही घर बदलायचं झालं की तो आधी गजभियेबाबूंच्या टेबलाशी जायचा. ते मान वर न करता विचारायचे, "किती लोकं? म्हातारं माणूस आहे का घरात? सायकल की पायदळ?" मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून, उन्हातान्हाचं, त्याच्याबरोबर निघायचे. याबद्दल एका चहापलीकडे त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. तो चहाही घर पाहून झाल्यावर. आधी पाजला तर म्हणायचे, "आता माझ्याच्यानं त्या घराले नाव ठेवणं होत नाही."

त्यांची पद्धत ठरलेली. आत शिरले की पहिल्यांदा काही बोलायचे नाहीत. छत्रीनं खोली मोजायचे. पलंग म्हणजे दोन छत्र्या लांब आणि एकीहून थोडा जास्त रुंद. मग पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकवून उभे राहायचे, डॉक्टरनं पोरांचा ताप पाहावा तसे. मग खिशातला कंचा काढून फरशीवर ठेवायचे. तो मोरीकडे घरंगळत गेला तर ठीक. दाराकडून आत आला तर मान हलवायचे, म्हणजे पावसाळ्यात अंगणातलं पाणी तुमच्या अंथरुणाशी येणार. भिंतीवरचे जुने खिळे पाहायचे. "आधीच्या भाडेकरूचे खिळे उपसून नेले असन तर समजाचं, मालक खिळा ठोकू देत नाही. जो खिळा ठोकू देत नाही, तो गच्चीवर झोपू देईन का?" उन्हाळ्यात गच्ची नसली तर नागपुरात भाड्याच्या माणसानं जायचं कुठे? आणि मालक कसा आहे हे मालकाला पाहून कधी ठरवायचं नाही. ते बाहेर पडून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारायचे, आधीचे लोक काहून सोडून गेले म्हणून. "त्याच्याजवळ सगळ्यायचे कपडे येतात. त्याले सगळं माहीत असते."

सगळ्यात शेवटी ते पाणी मागायचे. "बाई, उन्हातून आलो जी, थोडं पाणी भेटन का?" ग्लास आला की अर्धा प्यायचे, जिभेवर घोळवायचे आणि खाली ठेवायचे. मला वाटायचं, विहीर गोड आहे की खारी ते पाहून राहिले आहेत. तसं ते पाहायचेही. पाण्यानंतर मात्र त्यांचा निकाल पक्का व्हायचा. घर कितीही हवेशीर असो, पाणी पिऊन झाल्यावर ते कधीकधी उठायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "नाही बा." का, ते सांगायचे नाहीत.

आमचे हेडक्लार्क डोंगरे यांनी मात्र त्यांना विचारलं नाही. जावकचा कारकून आपल्याला काय घर दाखवणार, असा त्यांचा तोरा. जानेवारीत त्यांनी वरच्या मजल्यावरची एक खोली घेतली आणि आठवडाभर कचेरीत हवेचं कौतुक लावलं. मे महिन्यात कळलं की वर टिनाचं छत आहे आणि त्याला खालून नुसता चुना फासलेला आहे. डोंगरेवहिनी मुलांना घेऊन जिन्याखाली बसायला लागल्या आणि डोंगरे रविवारीसुद्धा कचेरीत यायला लागले, कारण तिथे खिडक्यांना पाणी मारलेल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्या होत्या. साहेबांना वाटलं, काय कामसू माणूस! त्या वर्षी डोंगऱ्यांचा शेरा चांगला गेला. गजभियेबाबू एवढंच म्हणाले, "घरानं फायदा करून देल्ला जी त्यायचा."

माझं लग्न झालं आणि बायको, शैला, काटोलला माझ्या आईजवळ राहिली. मी इथे खानावळीत. चार महिने तिची पत्रं येत होती आणि प्रत्येक पत्रात शेवटची ओळ एकच, खोलीचं काय झालं? मी अगदी काकुळतीला आलो होतो. कुठलंही छप्पर दाखवा, मी हो म्हणायला तयार. गजभियेबाबूंनी माझ्यासाठी सहा घरं नापास केली. सहाव्याला मी रस्त्यातच भांडलो. "तुम्हाला काय जातं नाही म्हणायला? संसार माझा अडला आहे." ते छत्री उघडून शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर. एकदा सामान टाकलं की माणूस निघत नाही, पाठकबाबू. कितीही वाईट असन तरी निघत नाही."

सातवं घर पश्चिम नागपुरातल्या एका वस्तीत होतं. नाव सांगत नाही, त्या घरात अजून माणसं राहतात. खाली मालकीणबाई, विधवा, साठीच्या आत-बाहेर. सगळे त्यांना माई म्हणायचे. मागच्या अंगाला दोन खोल्या, समोर कडुलिंब आणि विहीर, वर एक सुटी खोली आणि तिच्यापुढे गच्ची. कंचा शहाण्यासारखा मोरीकडे गेला. भिंत गार होती. खिळे जागच्या जागी होते.

माई मला म्हणाल्या, "पाठक म्हणजे आपल्यातलेच. आणि हे?"

गजभियेबाबू माझ्या मागेच उभे होते. मी झटकन म्हणालो, "हे तुळशीरामजी. आमच्या कचेरीतले."

नुसतं तुळशीरामजी. आडनाव मी गिळलं. नागपुरात आडनाव ऐकलं की माणसाची जात कळते आणि गजभिये म्हटल्यावर तर पुढे काही विचारावंच लागत नाही. मला वाटलं मी शहाणपणा केला, त्यांचा अवमान टाळला. खरं म्हणजे मला खोली हवी होती. आज हे लिहायला हात जड होतो, पण तसंच होतं.

गजभियेबाबूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पाणी मागितलं. माईंनी दोन फुलपात्रं आणली, लखलखीत, दोन्ही एकसारखी, आणि एक माझ्या, एक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण पाणी प्यायलेलं मी पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "घेऊन टाका."

पंधरा दिवसांत शैला आली. माझा जीव भांड्यात पडला. ते घर खरोखर गुणाचं होतं. माई पापड वाळवताना शैलाला हाक मारायच्या, आजारपणात रात्र रात्र बसायच्या. आमचा मुलगा तिथेच झाला, रांगायला तिथेच शिकला. मी गजभियेबाबूंना जेवायला बोलवायचो आणि ते काहीतरी कारण काढायचे. दोनदा आले ते अंगणातल्या कडुलिंबाखाली उभे राहून शैलाशी बोलून गेले. माई त्यांना "छत्रीवाले" म्हणायच्या. "तुमचे ते छत्रीवाले किती सज्जन हो," असं म्हणायच्या.

चार वर्षांनी वरची खोली रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी मी सहज कचेरीत बोललो. दुपारी गजभियेबाबू माझ्या टेबलाशी आले. चार वर्षांत ते माझ्या टेबलाशी आल्याचं मला आठवत नाही, नेहमी आम्हीच त्यांच्याकडे जायचो. उभे राहिले, छत्रीची मूठ या हातातून त्या हातात केली आणि म्हणाले, "वरच्या खोलीसाठी शब्द टाकून पाहता का?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी जी."

त्यांना एकच मुलगी, सुजाता. तिचं मॅट्रिकचं वर्ष होतं. घर उत्तर नागपुरात इंदोऱ्याच्या पलीकडे, रेल्वेच्या रुळांच्या अंगाला. दोन खोल्या, त्यांत सात माणसं, कारण भावाचं कुटुंबही तिथेच. समोर सार्वजनिक नळ आणि पहाटेपासून त्याच्यावरची भांडणं. पोरगी गणितात हुशार होती, पण तिला बसायला कोपरा नव्हता. "भिंतीकडे तोंड करून वाचते. मालगाडी गेली की थांबते. मग पुन्हा वाचते," ते म्हणाले. हे सगळं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अख्ख्या कचेरीची घरं पाहणाऱ्या माणसाचं घर आमच्यापैकी एकानंही पाहिलं नव्हतं. विचारलंसुद्धा नव्हतं.

मी छातीठोकपणे म्हणालो, "झालंच समजा. माईंना तुमचं किती कौतुक आहे!"

माई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, वरच्या खोलीसाठी चांगला भाडेकरू आणला आहे, आपले छत्रीवाले. त्यांचा चेहरा उजळला. "अगबाई, सोन्यासारखा माणूस. आणि मुलगी आहे म्हणता? शैलाला सोबत होईल. पूर्ण नाव काय त्यांचं?"

मी सांगितलं.

माईंचे हात थांबले. मग त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "माझं काही नाही हो पाठक. मी मानत नाही. पण घरात देव आहेत, जावा-नणंदा येतात. उद्या विहिरीवरून बोलणं झालं तर त्यांनाच वाईट वाटेल. आणि तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं." शेवटचं वाक्य त्या रागानं बोलल्या. मी त्यांना फसवलं, असं त्यांचं म्हणणं. मी "पण माई" म्हणालो आणि पुढे मला काही सुचलं नाही. आज पन्नास गोष्टी सुचतात.

शैलाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपण सोडू ही जागा." ती मनापासून म्हणाली. मी विचारलं, "आणि जायचं कुठे, पोर घेऊन?" आम्ही त्यानंतर पाच वर्षं तिथेच राहिलो. सामान टाकलं की माणूस निघत नाही, हे मला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी त्यांची नजर चुकवत होतो. जेवणाच्या सुट्टीत तेच आले. "झालं नाही ना?"

मी मान हलवली. म्हणालो, "मला वाटलं नव्हतं. त्या दिवशी तुम्हाला सारखं फुलपात्र दिलं होतं त्यांनी."

ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. आवाज चढलेला नव्हता. "ते पाणी मले कुठे देल्लं, पाठकबाबू? ते तुळशीरामजीले देल्लं. तुम्ही माझं आडनाव गिळून घेतलं, तवाच माझं माप बिघडलं. घराघरात मी पाणी काहून मागतो? पाणी गोड आहे का, ते एक. अन् मी कोण हे कळल्यावर कशात देतात, कसं देतात, ते दुसरं. ओंजळीत वरून ओततात, का हातात देतात, का फुटका कप हुडकतात. त्याच्यावरून मालक समजते. जो मले बरं पाणी देईन, तो तुमाले त्रास देणार नाही. माझं हे माप कधी चुकलं नाही. तुमच्या घराचं चुकलं."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हाव."

"मग 'घेऊन टाका' का म्हणालात?"

"तुमची बायको चार महिन्यांपासून वाट पाहून राहिली होती ना जी." मग म्हणाले, "अन् मले वाटलं, बाई चांगली आहे. पुढेमागे तिले समजलं तरी चालून जाईन. मीच आशा केली. तुमची एकट्याची चूक नाही."

मग जाता जाता, जणू काही विशेष नाही असं, त्यांनी आणखी एक सांगितलं. "मी सगळ्यायसोबत घरं पाहत काहून फिरतो, माहीत आहे? एकटा गेलो तर फाटकावरच नाव विचारतात. तुमच्यासोबत गेलं की आत जाले भेटते. तेरा वर्षांत निदान पाहून तर घेतलं, कुठे कसं घर असते."

मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि मी टेबलावरची टाचणी सरळ करत बसलो. संध्याकाळी धीर करून म्हणालो, सुजाताला आमच्या घरी अभ्यासाला पाठवा, शैलाही म्हणते आहे, माई काही बोलणार नाहीत. ते हसले. "नाव लपवून का नाव सांगून?" मग स्वतःच म्हणाले, "राहू द्या जी. पोरीले अभ्यास कराचा आहे, लपाले शिकाचं नाही."

सुजातानं वस्तीतल्या बुद्धविहारात अभ्यास केला. विहाराच्या मंडळींनी किल्लीच तिच्या हवाली केली, दिवा लावून दिला, आणि परीक्षा होईपर्यंत लोकांनी आपल्या बैठका बाहेर ओट्यावर घेतल्या. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे घेऊन गजभियेबाबू सगळ्यांच्या टेबलांवरून फिरले, डोंगऱ्यांच्याही. पुढे ती एम.एस्सी. झाली आणि उमरेडच्या कॉलेजात शिकवायला लागली. रोज यष्टीनं जायची-यायची.

घरं पाहायला मात्र ते पुन्हा कुणाबरोबर गेले नाहीत. कुणी आलं की बसल्या जागी सांगायचे, अमुक पाहा, तमुक विचारा. एकदा नवीन लागलेल्या एका कारकुनानं चला म्हणून फारच गळ घातली, तेव्हा खिशातला कंचा काढून त्याला दिला. "हा घेऊन जा गा. पाहाचं काम हाच करते." कंचा परत आला की नाही, माहीत नाही.

मग माझी अमरावतीला बदली झाली आणि ते निवृत्त झाले. त्यांनी शहराबाहेरच्या एका ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधल्याचं कळलं. ऐंशीनंतरची गोष्ट. एका मे महिन्यात कामानिमित्त नागपुरात आलो होतो, तेव्हा पत्ता विचारत विचारत गेलो. त्यानंतर आमची भेट झाली नाही, म्हणून तो दिवस मला सबंध आठवतो.

घर पाहिलं आणि मी दारातच हसलो. सगळे धडे विटांमध्ये उतरले होते. पश्चिमेला खोली नव्हती, रुंद व्हरांडा होता. कुलरसाठी खिडकी आधीच ठेवलेली. पुढच्या अंगाला भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या आणि गच्चीचा जिना बाहेरून काढलेला. "भाडेकरूले गच्ची मागाचं काम पडू नये," ते म्हणाले. केस पांढरे झाले होते. छत्री दाराच्या खुंटीवर होती. अंगणात विहीर नवीन होती, त्यांनी मला वाकून तिचं पाणी दाखवलं, सोनारानं दागिना दाखवावा इतक्या हौसेनं. माझ्या मुलाची चौकशी केली, शैलाची केली, माईंचीही केली. मी म्हणालो, माई गेल्या. त्यांनी विहिरीच्या काठावरचं वाळलेलं पान उचलून टाकलं. "तिच्या विहिरीचं पाणी गोड होतं," म्हणाले. मग मला व्हरांड्यात बसवून ते मागे बायकोला हाक मारायला गेले.

तेवढ्यात फाटक वाजलं. एक तरुण जोडपं उन्हात उभं होतं, लग्नाला वर्षही झालं नसावं. खोल्या रिकाम्या आहेत असं त्यांना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं होतं. दारावर नावाची पाटी अजून लागायची होती. मुलानं मला विचारलं, "घर कोणाचं आहे, काका?"

त्याच्या कपाळावर गंधाचं बोट होतं. मी ते पाहिलं, आणि मला एकदम माईंची ओसरी आठवली. मी उठून उभा राहिलो आणि स्पष्ट म्हणालो, "गजभिये यांचं. तुळशीराम गजभिये."

मुलानं बायकोकडे पाहिलं. तोंडातल्या तोंडात "अच्छा" म्हणाला आणि फाटकाच्या कडीशी चाळा करायला लागला. मी मागे वळून पाहिलं. गजभियेबाबू आतल्या दारात येऊन थांबले होते. त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं. माझ्याकडे नव्हे, ते त्या दोघांकडे पाहत होते. या म्हणाले नाहीत.

ती मुलगी घामाघूम झाली होती. तिनं पदरानं मान पुसली, नवऱ्याच्या हातातून कडी सोडवली आणि फाटक लोटून आत आली.

"काका, उन्हातून आलो," ती त्यांना म्हणाली. "थोडं पाणी मिळेल का?"

"अवं, पाणी आण वं," त्यांनी आत सांगितलं. पण मग थांबले नाहीत, स्वतःच आत गेले आणि तांब्या आणि ग्लास घेऊन आले. ग्लास त्यांनी तिच्या हातात दिला. तिनं तो एका दमात संपवला. मग नवऱ्याला म्हणाली, "घ्या ना, गोड आहे," आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

गजभियेबाबूंनी तो भरला. अगदी काठोकाठ, त्यामुळे जरा पाणी फरशीवर सांडलं.

"भिंतीले हात लावून पाहा," ते त्या मुलाला म्हणाले. "दोन वाजतच आले आहेत. जेवून आले का तुम्ही?"